दुखण्याचा नक्शा

सप्रेकाकांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पदराकडे पाहिलं. बँकेतल्या बदलीमुळे मी बनारसला आले होते. दुर्गाघाटावर एका मराठी घराचा सगळ्यात वरचा मजला भाड्याने मिळेल असं कळलं, म्हणून खोली बघायला गेले. काकांनी दार उघडलं, "या" म्हणाले आणि माझ्या पदराचं टोक हातात घेऊन उलटं केलं.

"मशीनची आहे," ते म्हणाले. "मागचे धागे बघा, कसे कापून टाकलेत."

आतून मालतीकाकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना आधी पाणी तरी विचारा! पदर काय धरता?"

काका ओशाळले. पण पदर लगेच सोडला नाही. आधी नीट सरळ केला, मग सोडला.

मी त्या घरात चार वर्षं राहिले. त्या काळात त्यांनी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईची साडी उलटी करून पाहिली असेल.

बनारसी साड्यांचे नक्शे काढणं हा त्यांचा धंदा. बारीक चौकटींचा मोठा कागद असतो. उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. कुठली चौकट रंगवायची आणि कुठली रिकामी ठेवायची हे नक्शा काढणारा ठरवतो, आणि मागावरचा विणकर तसंच्या तसं विणतो. चाळीस वर्षं काका चौकटी भरत होते. घराणं ब्रह्माघाटावरच्या भटजींचं. वडील आणि दोन्ही भाऊ पूजा सांगायचे. हे मात्र सोळाव्या वर्षी पीलीकोठीच्या विणकरांत जाऊन बसले, तेव्हा वडिलांनी पाच वर्षं बोलणं टाकलं होतं. "आणि गंमत पाहा," काका म्हणायचे, "उभ्या जन्मात एक सत्यनारायण सांगितला नाही, पण त्या अख्ख्या मोहल्ल्यात मीच पंडितजी."

त्यांची मराठी बनारसची. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्येच "मतलब" यायचं, शेवटी "है ना?" यायचं. पण त्यांना खरी चीड होती ती 'अंदाजे' या शब्दाची. काकू म्हणाल्या, आमटीत मीठ थोडं कमी पडलं, की हे विचारायचे, "थोडं म्हणजे किती?" मी म्हटलं, घाट इथून जवळच आहे, तर म्हणाले, "एकशे बारा पायऱ्या आणि दोन वळणं. जवळ काय जवळ?" चौकट भरलेली असते नाही तर रिकामी, अर्धीमुर्धी नसते, असा त्यांचा एकूण हिशेब होता. त्याच माणसाला पुढे असं दुखणं झालं की ज्याला कुठलंच माप लागेना.

कॉम्प्युटरवर नक्शे व्हायला लागले तेव्हा काम सुटत गेलं. तरी ते रोज सकाळी आंघोळ करून खिडकीशी कागद मांडून बसत. एखाद्या जुन्या विणकराला काही हवं असलं तर तो येई.

माझ्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात एकदा ते दही घेऊन परत आले, तेव्हा एका पायात चप्पल होती आणि एका पायात नव्हती. काकूंनी विचारलं, "दुसरी कुठे?" काकांनी खाली पाहिलं. चप्पल दोन गल्ल्या मागे पडली होती आणि तेवढं अंतर ते थंडगार फरशीवरून अनवाणी चालत आले होते. त्यांना कळलंच नव्हतं.

"पायाखाली कापूस आहे असं वाटतं," ते म्हणाले. "महिनाभर वाटतंय."

पुढे कापूस गेला आणि आग सुरू झाली. जानेवारीत लोक शेकोटीभोवती बसलेले असायचे आणि काका बादलीत पाय बुडवून. कधी पोटऱ्यांत मुंग्या यायच्या, कधी मांडी आपोआप पिळली जायची. शेजारपाजारचे धीर द्यायला येत आणि म्हणत, "काशीत बसलाय सप्रे, तुम्हाला कसली काळजी?" ते गेल्यावर काका म्हणाले, "इथे मरायची सोय आहे हो, दुखायची नाही."

आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर गेले, कारण काकू दवाखान्यात गडबडून जायच्या. मोठे डॉक्टर होते, बाहेर ही गर्दी. त्यांनी विचारलं, "जलन है? झनझनाहट है? दर्द दस में से कितना है?"

"कौन सा?" काकांनी विचारलं.

"मतलब?"

"तलवे का अलग है, पिंडली का अलग है। और दस किस चीज़ का? आपका दस कितना बड़ा है?"

डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

रक्त तपासलं. पायाच्या नसांना करंट देऊन पाहिलं. सगळं नॉर्मल आलं. इंजेक्शनं दिली, मग झोपेच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या खेपेला, तोवर पावसाळा लागला होता, डॉक्टर म्हणाले, "उम्र है। और आप सोचते बहुत हैं।"

त्या दिवशी घरी येऊन काकांनी नक्शाचे कागद एकमेकांना चिकटवले, जमिनीवर अंथरले आणि त्यावर उताणे पडले. काकूंना म्हणाले, "पेन्सिल घ्या आणि माझ्याभोवतीनं रेघ मारा."

काकूंना हसू आवरेना. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या अंगाभोवती असं गुडघ्यावर रांगायची पाळी कधी आली नव्हती. "हलू नका हो," म्हणत त्या कानापासून निघाल्या, खांदा, काख, कंबर करत पायापर्यंत गेल्या. तिथे पेन्सिलीचं टोक काकांच्या तळव्याला लागलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. काका छताकडे बघत स्वस्थ पडून होते. काकूंचं हसणं तिथेच थांबलं. मला त्यांनी नंतर सांगितलं, "अगं, तळव्याला हात लावला तर गुदगुल्यांनी हा माणूस घर डोक्यावर घ्यायचा."

त्या आकृतीवरून काकांनी लहान कागदावर नक्शा उतरवला. पंधरा दिवस लागले. एकेक जागा ते डोळे मिटून आधी तपासत, मग चौकट भरत. भाजणाऱ्या जागी लाल, मुंग्यांना पिवळा, पीळ पडतो तिथे हिरवा. जिथे काहीच कळत नव्हतं तिथे चौकट रिकामी. तळवे जवळजवळ कोरेच होते. त्यांच्याभोवती लाल चौकटी गच्च, मग पोटऱ्यांत विखुरलेला पिवळा. आणि छातीच्या थोडं खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन ओळींची काळी रेघ.

"ही काय?" मी विचारलं.

"करगोटा असतो ना, तसा कुणीतरी आवळलाय. पण कमरेला नाही, इथे. इथून खाली सगळं थोडं दुसऱ्याचं आहे."

कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी सही केली आणि तारीख घातली. प्रत्येक नक्शावर ते घालत.

तो कागद घेऊन आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांनी हातात घेतला, जरा लांब धरून पाहिला. "वाह! आपने बनाया है? बढ़िया ड्रॉइंग है। ये बॉर्डर भी अच्छा दिया है।" त्यांचं बोट त्या काळ्या रेघेवरूनच फिरलं होतं. "बनाते रहिए, मन लगा रहेगा।" आणि कागद परत दिला.

मी शेजारच्याच खुर्चीवर होते. मला बोलता येत होतं, बँकेत मी दिवसभर लोकांशी भांडते. साहेब, ही बॉर्डर नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बाहेर पन्नास माणसं उभी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही तो नक्शा म्हणजे काकांचा विरंगुळाच वाटत होता.



चार दिवसांनी ते काठी घेऊन पीलीकोठीला निघाले. रविवार होता, काकूंनी मला सोबत पाठवलं. तिथे इद्रीसभाई होते. काकांच्याच वयाचे, त्यांच्या नक्शावर पस्तीस वर्षं विणलेले. हातमाग तेव्हा त्या गल्लीत तेवढा एकच चालू होता. बाकी घरांतून पॉवरलूमची खडखड येत होती. इद्रीसभाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. काकांनी कागद पुढे केला.

"ई का है पंडितजी? न बूटी, न बेल।"

"आदमी है।"

"कौन?"

"हम।"

इद्रीसभाईंनी चष्मा लावला. डॉक्टरांनी कागद पाहिला होता. यांनी तो वाचला. बोट एकेका ओळीवरून सरकत खालून वर चाललं. "यहाँ तो बाना ही नहीं है," ते म्हणाले.

"नहीं है।"

"और यहाँ इतना ठूँस दिए हैं, तागा टूट जाएगा।"

"टूटता ही है।"

इद्रीसभाईंनी चष्मा काढला. मग त्यांनी काकांच्या पायाकडे पाहिलं. काका म्हणाले, "बुन दीजिए. कागज देखा तो ड्रॉइंग बोला. कपड़ा देंगे तो हाथ तो लगाना पड़ेगा ना उसको!"

त्यासाठी ते सगळं होतं. कपडा हातात आला तर डॉक्टर त्यावरून हात फिरवील, आणि हाताला कळेल: इथे खरखरीत आहे, इथे दाट आहे, इथे नुसतेच मोकळे धागे आहेत. कला वगैरे शब्द काकांनी कधी काढला नाही.

इद्रीसभाईंनी दुसरं काम बाजूला ठेवलं आणि ताणा लावला. मग आठवड्यातून तीनदा काका तिथे जाऊन बसायला लागले, रविवारी मी बरोबर असे. विणकाम पायापासून सुरू झालं. कोऱ्या तळव्यांच्या जागी बाणा घातलाच नाही, नुसते उभे धागे लोंबते ठेवले. आगीसाठी लाल रेशीम इतकं ठासून भरलं की बोट लावलं तर खडबडीत लागे. काका टोकत राहायचे, "नहीं इद्रीसभाई, ऐसे सीधी नहीं चढ़ती. रुक-रुक के चढ़ती है." इद्रीसभाई दोन बोटं उसवायचे, पुन्हा विणायचे. त्यांना कंटाळा कसा येत नाही, याचं मला नवल वाटे.

त्याचं कारण एकदा कळलं. इद्रीसभाईंना दम्याचा त्रास होता, धाग्याच्या धुळीचा. एका दुपारी खोकल्याची उबळ ओसरल्यावर ते म्हणाले, "हमरी साँस का भी एक ठो बना दीजिए." काका उठले, त्यांच्या मागे जाऊन बसले आणि त्यांच्या पाठीला कान लावून राहिले. दोन म्हातारे तसे एकाला एक चिकटून बसले होते. काकांनी वीतभर नक्शा काढून दिला. करड्या रेघा सुरुवातीला जवळजवळ, पुढे विरळ, आणि शेवटी एकच रेघ कडेपर्यंत न पोचता संपलेली. इद्रीसभाईंनी तो मागाच्या वर भिंतीला चिकटवला. पुढच्या वेळी सांगितलं, "बीवी को दिखाए. बहुत देर देखती रही। बोली, हम तो समझे थे आप खाली खाँसते हैं।"

कपडा गुडघ्यापर्यंत आला होता. काकांना आता जिना उतरायला दोघं लागत. पुढच्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी ते इद्रीसभाईंकडे चटईवर बसले होते आणि घरी जायला म्हणून उठायला गेले, तर उठता येईना. पाय जागचे हलेनात.

चार विणकरांनी त्यांना खाटेवर घातलं आणि उचललं. त्या गल्लीत गाडी येत नाही. मी बँकेतून धावत पोचले तेव्हा ते खाट घेऊन रस्त्याच्या तोंडाशी आले होते. समोरून येणारे लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. एका माणसाने खांद्यावरची खाट पाहून हात जोडले आणि मान खाली घातली. काकांनी डोकं वर करून त्याला म्हटलं, "अभी हैं भाई."

या वेळी दुसरं हॉस्पिटल होतं. वॉर्डात एक तरुण डॉक्टर होती, शिकत असलेली, मूळची परभणीकडची. काकूंच्या तोंडून मराठी ऐकून तिने मराठीत बोलायला सुरुवात केली. काकूंनी तिला फाइल दिली. रिपोर्ट चाळता चाळता त्यातून तो नक्शाचा कागद निघाला.

"हे कुणी काढलं?"

"ह्यांनी," काकू म्हणाल्या. "असू दे, ते बाजूला ठेवा."

ती कागद बाजूला ठेवीना. काकांच्या जवळ येऊन तिने विचारलं, "काका, ही काळी रेघ कसली?"

"पट्टा आवळलाय. तिथून खाली मी नाही."

तिने एक टाचणी घेतली आणि काकांच्या मांडीवर टोचली. मग पोटावर, मग आणखी वर. "लागतंय? आता?" काका नाही म्हणत होते. छातीच्या खाली एका ठिकाणी म्हणाले, "आता लागलं." तिने तिथे पेनाने खूण केली. तशाच आठदहा खुणा केल्या, आणि कागद त्यांच्या छातीशेजारी धरला. खुणांची ओळ आणि नक्शावरची काळी रेघ एकाच जागी होती.

तिने कोपऱ्यातली तारीख पाहिली. कागद सात महिन्यांपूर्वीचा होता.

"हा तेव्हा कुणाला दाखवला होतात?" तिने विचारलं.

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "दाखवला होता." तिने फाइल मिटली. कागद घेऊन बाहेर गेली ती बऱ्याच वेळाने आली, तिच्याबरोबर वरचे डॉक्टर होते.

पाठीच्या कण्यात, छातीच्या उंचीवर, आतल्या मज्जारज्जूला दाबून बसलेली एक गाठ होती. साधी होती, कॅन्सरची नव्हती. वेळेवर काढली तर माणूस चालत घरी जातो अशातली. पायाच्या नसा तपासून ती कधीच सापडली नसती, कारण पायात काही नव्हतंच. ऑपरेशन झालं, गाठ निघाली. पण इतके महिने दबून राहिलेलं परत येईल का, याला कुणी हो म्हणेना. त्या मुलीने मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "मॅडम, तुम्ही आशा दाखवू नका त्यांना. मी दाखवली नाहीये."

पाय आले नाहीत. एक महिना गेला, सहा गेले. आग मात्र पूर्ण गेली. मुंग्या गेल्या, पीळ गेला. काकू कृतज्ञतेने म्हणाल्या, "निदान तो त्रास तरी सुटला."  संध्याकाळी मी जवळ बसले होते तेव्हा काका म्हणाले, "त्रास होता तोवर पाय होते हो." मी त्यांना कागद आणि रंग आणून दिले. दोन दिवसांनी पाहिलं तर तसेच पडले होते. "काढू काय?" ते म्हणाले. "छातीखाली सगळी रिकामी चौकट. त्याला नक्शा कशाला लागतो?"

त्या डॉक्टर मुलीने मूळ कागद मागितला होता, बरोबरच्यांना दाखवायला. काकांनी तो लगेच दिला. परत मागितला नाही.

इद्रीसभाई एकदा आले. आमचा जिना त्यांनी तीनदा थांबून चढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कपडा त्यांनी काकांच्या हातात दिला. काका यायचे बंद झाल्यावर त्यांना पुढे विणता आलं नव्हतं. चूक झाली तर सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून गुडघ्याच्या वर चार बोटांपर्यंत येऊन कपडा कापून काढला होता. काळी रेघ त्यात आलीच नव्हती.

काकांनी कपडा उलटा केला, हात फिरवला. एका जागी अंगठा थांबला.

"यहाँ क्या हुआ?"

"सूत टूट गया था। गाँठ मार दिए।"

"हाँ," काका म्हणाले. "ठीक है. यहाँ गाँठ ही थी."

दोघांनी चहा घेतला. इद्रीसभाई गेले, ते पुन्हा आले नाहीत. त्यांचा दमाही वाढला होता. त्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाने हातमाग काढून टाकला असं कानावर आलं. ते काकांना कुणी सांगितलं नाही. कपडा काकूंनी पेटीत ठेवला. कुणाच्या अंगावर घालायचा तो नव्हता आणि भिंतीवर लावावा असं त्यांना वाटत नव्हतं.

माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी, सामान खाली गेल्यावर, मी निरोप घ्यायला त्यांच्या खोलीत गेले. काकांना उशांचा आधार देऊन बसवलं होतं. पायाशी मालतीकाकू वर्तमानपत्र पसरून त्यांची नखं काढत होत्या. काकांच्या पायाची बोटं त्यांनी मांडीवर घेतली होती, नखं जाड झाली होती आणि नेलकटर नीट बसत नव्हतं. काका मान पुढे करून ते सगळं पाहत होते, शेजारच्या घरात चाललेलं काम पाहावं तसे.

"आलात? बसा," मला म्हणाले. मग पुन्हा तिकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, रक्त आलं बघा."

काकूंनी खाली पाहिलं. अंगठ्याच्या कडेने रक्त येत होतं, वर्तमानपत्रावर दोनतीन थेंब पडले होते. खोल लागलं होतं. त्यांनी पदराचं टोक तिथे दाबून धरलं आणि तोंडाने "लागलं का हो? लागलं का?" असं विचारत राहिल्या. आपण काय विचारतोय हे ध्यानात आलं तेव्हा त्या थांबल्या. नंतर त्यांचे खांदे हलायला लागले, पण पदर त्यांनी सोडला नाही.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही निघा," ते मला म्हणाले. "गाडी चुकेल."